रुपया दिल्लीचा, फळा गावचा

बुलढाणा जिल्ह्यातली दोन माणसं परमुलखात भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि त्यांच्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर. तालुके एकूण तेरा आणि २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. घाटावर पडलेलं पाणी खाली येईपर्यंत किती मुरतं, किती अडतं आणि किती उडून जातं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

शाळेसाठी निघालेला सरकारी पैसाही असाच वरून खाली येतो. दिल्ली, मुंबई, बुलढाणा, पंचायत समिती, केंद्रशाळा आणि मग शाळा. त्या रुपयाचा हिशेब नीट कळावा म्हणून या प्रकरणात आपण उलटं चालणार आहोत. आधी फळ्यापाशी उभं राहू आणि मग घाट चढू.

अठरा लेकरांचा हिशेब

समजा, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट अठरा, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षकांची तरतूद आहे, म्हणजे शाळा नियमात बसते. दोघांचा पगार सरासरी प्रत्येकी महिना ६० हजार धरू. वर्षाचे झाले १४ लाख ४० हजार.

आता बाकीचा खर्च मांडू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये. खडू, वह्या-रजिस्टर, विजेचं बिल, नळाची तोटी, सगळं त्यातच, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. म्हणजे झाडू, फिनेल आणि हात धुण्याच्या साबणाला वर्षाचे हजार रुपये. गणवेशाला मुलामागे ६०० रुपये, अठरा मुलांचे १०,८००. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे भाजी, डाळ, तेल, इंधन यांचा दर मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. कायद्याने प्राथमिक शाळेचे किमान २०० दिवस भरायचे असतात, तेवढे धरले तर २४ हजार ४०० रुपये. तांदूळ वेगळा: रोज मुलामागे १०० ग्रॅम, वर्षाला ३६० किलो. तो केंद्र सरकार देतं.

बेरीज साधारण १४ लाख ८५ हजार झाली. तिच्याकडे दोन बाजूंनी पाहता येतं.

पहिली बाजू: एका लेकरामागे वर्षाला ८२ हजारांहून जास्त. हा आकडा ऐकला की शहरातला माणूस दचकतो आणि म्हणतो, एवढ्यात तर चांगली खासगी शाळा झाली असती. पण त्याच दोन शिक्षकांपुढे साठ मुलं बसली असती तर मुलामागचा पगाराचा खर्च ८० हजारांवरून २४ हजारांवर आला असता. गाव लहान आहे म्हणून हिशेब महाग दिसतो. शिक्षकांनी काम कमी केलं असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी बाजू: पगारावर १४ लाख ४० हजार आणि शाळा चालवायला १० हजार. शंभर रुपयांत सत्तर पैसे. ट्रॅक्टर घ्यायला लाखो रुपये आहेत आणि डिझेलला वर्षाचे दोन कॅन, असा हा प्रकार. पगार जास्त आहे असं मला म्हणायचं नाही. महागड्या शिक्षकाच्या हातात जर फुटका फळा आणि बंद पडलेला टीव्ही असेल, तर त्या पगाराचंही पुरतं मोल वसूल होत नाही.

आता यातला दिल्लीचा वाटा काढू. नियमित शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. अनुदान, गणवेश आणि पोषण आहार यांत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. अठराही मुलं केंद्राच्या निकषात बसतात असं धरलं, तरी दिल्लीचा रोख वाटा २७ हजारांच्या आसपास येतो. शंभरात दोन रुपयांहून कमी. पाठ्यपुस्तकं, प्रशिक्षणं आणि साधनव्यक्तींचं मानधन मिळवलं तर तो थोडा वाढेल. देशभराचा सगळा शिक्षणखर्च एकत्र केला तर केंद्राचा हिस्सा बराच मोठा दिसतो, साधारण एक चतुर्थांश. पण त्यात केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयंही येतात. बुलढाणा जिल्ह्याचं नवोदय शेगावला आहे. त्याचा सगळा खर्च केंद्राचा आणि निवासी शिक्षण मोफत. सहावीच्या प्रवेशाला जिल्ह्यातली हजारो मुलं परीक्षा देतात आणि जागा असतात जास्तीत जास्त ऐंशी.

विषय कुणाचा?

शिक्षणाला पैसा कुणी द्यायचा, हा वाद जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा आजही ताजा आहे: सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं, अशी त्यांची मागणी होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते मोफत आणि सक्तीचं केलं. त्यासाठी त्यांनी दिल्लीच्या निधीची वाट पाहिली नाही.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने शिक्षण हे खातं प्रांतांतल्या भारतीय मंत्र्यांकडे दिलं. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. खातं दिलं, पण अर्थखातं मात्र गव्हर्नरच्या राखीव कप्प्यात ठेवलं. शाळा उघडायचा अधिकार एकाकडे आणि चावी दुसऱ्याकडे, ही व्यवस्था आपल्याकडे किमान शंभर वर्षांची आहे.

घटनेने शिक्षण राज्यांच्या सूचीत ठेवलं. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आणलं. समवर्ती म्हणजे कायदा दोघंही करू शकतात आणि दोघांत विरोध आला तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ. २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला आणि तो प्रत्यक्षात आणणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हक्क दिल्लीने दिला. तो रोज सकाळी शाळेचं कुलूप काढून पुरा करायचं काम मात्र जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडे राहिलं.

वाढपी आणि पंगत

मग दिल्लीच्या थोड्याशा पैशाचं एवढं वजन का? कारण राज्याचा जवळजवळ सगळा पैसा पगारात आणि निवृत्तिवेतनात आधीच बांधलेला असतो. नवीन काही करायचं म्हटलं तर हाताशी उरतो तो योजनेचा पैसा, आणि तो मोठ्या प्रमाणात केंद्राचा असतो. पंगतीत भात यजमानाचा, पण तुपाचं भांडं दुसऱ्याच्या हातात. मग सगळ्यांची नजर तूप वाढणाऱ्याकडेच जाणार.

त्या वाढप्याचा हातही एकसारखा नसतो. २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान सुरू झालं तेव्हा केंद्राने ८५ टक्के देऊ केले होते. दहाव्या पंचवार्षिक योजनेत ते ७५ झाले. पुढे उतरत्या पायऱ्यांनी ५० वर आणायचं ठरलं होतं, पण शिक्षण हक्क कायदा आल्यावर २०१० मध्ये ६५ झाले आणि २०१५-१६ पासून ६०. हक्क पक्का होत गेला आणि वाटा एकंदरीत घटत गेला. २०१८ मध्ये सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा आणि शिक्षक प्रशिक्षण या तीन योजना मिळून समग्र शिक्षा झाली. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी तिची मंजूर रक्कम २ लाख ९४ हजार कोटींची होती. त्यातले केंद्राचे १ लाख ८५ हजार कोटी.

आपल्या आयकरावरचा उपकरही असाच. २००४ मध्ये दोन टक्क्यांचा शिक्षण उपकर आला, २००७ मध्ये त्यात एक टक्का वाढला आणि २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून चार टक्के झाले. करातून येणाऱ्या पैशात राज्यांना वित्त आयोगाच्या सूत्राने हिस्सा मिळतो. पंधराव्या आयोगाने राज्यांना ४१ टक्के आणि त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले. उपकर मात्र या वाटपात येत नाही. तो दिल्लीतच राहतो आणि योजनेच्या रूपात, अटींसह खाली येतो.

अटींचं टोक २०२४ मध्ये तमिळनाडूने पाहिलं. केंद्राच्या पीएम श्री शाळा योजनेचा करार करायला त्या राज्याने नकार दिला आणि समग्र शिक्षेचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये अडकले. पुढच्या वर्षी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्राने करार केला होता, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न चर्चेलाही आला नाही. अमेरिकेत वादाचं टोक उलट्या दिशेला आहे. तिथे शालेय खर्चात संघ सरकारचा वाटा साधारण दहा टक्के, आणि १९७९ च्या कायद्याने उभं राहिलेलं शिक्षण खातंच गुंडाळण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी मार्च २०२५ मध्ये काढला.

मग केंद्र नकोच का? विदर्भातल्या माणसाने तरी असं म्हणू नये. अनुशेष हा शब्द आपल्याच पाचवीला पुजलेला आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा एकूण विकास अनुशेष ३,१८६ कोटी रुपये मोजला. त्यात रस्ते आणि सिंचनाबरोबर सामान्य आणि तांत्रिक शिक्षणाचीही रांग होती. घटनेच्या ३७१ (२) कलमात विदर्भासाठी तंत्रशिक्षणाच्या न्याय्य सोयींचा उल्लेख आहे, तो उगीच नाही. मुंबईजवळचं वाढतं आणि मुंबईपासून लांबचं वाळतं, हे आपण भोगलं आहे. वरच्या सरकारचं खरं काम हेच: कुणाच्याही गावी जा, शाळेची किमान पातळी तीच असली पाहिजे याची हमी देणं. गडबड होते ती हमी देणारा हात गावच्या शाळेचं कापडही निवडू लागतो तेव्हा.

"डरेस कव्हा येईन?"

गणवेशाचं उदाहरण ताजं आहे. वर्षाला दोन गणवेश, एकाला ३०० रुपये. आधी हा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचा. समिती तालुक्याच्या दुकानातून कापड घ्यायची, गावातला शिंपी मापं घ्यायचा. दर थोडा चढा लागत असेल, कुठे हातचलाखीही होत असेल. पण बाही आखूड झाली तर पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच शिंप्याच्या दारात उभं राहायचं.

मग "एक राज्य, एक गणवेश" आलं. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकगठ्ठा घ्यायचं, ते खाली पाठवायचं आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. कागदावर हिशेब चोख होता: घाऊक खरेदीत कापड स्वस्त, बायांना रोजगार, राज्यभर एक रंग. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जुलैच्या तोंडाशी उघडतात, म्हणजे आपल्याला तर वेळही जास्त मिळाला होता. तरीही राज्यात ठिकठिकाणी मुलं जुन्याच कपड्यांत झेंडावंदनाला गेली. "गुर्जी, डरेस कव्हा येईन?" या प्रश्नाला गुरुजींकडे उत्तर नव्हतं, कारण ठरवणारे ते नव्हतेच. आले त्या कपड्यांची मापं चुकल्याच्या आणि कापड हलकं असल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे दिला.

यात शिकण्यासारखं एक आहे. घाऊक खरेदीत मीटरमागे वाचलेला रुपया लगेच मोजता येतो. चुकलेलं माप, वाया गेलेले चार महिने आणि चकरा मारणारे शिक्षक यांचा खर्च कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही. काटकसर आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या इथे वेगळ्या दिसतात.

वीसच्या आतला पट

आता आपल्या अठरा लेकरांच्या शाळेकडे परत येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा प्रस्ताव मांडला. अशा शाळा राज्यात १४,७८३ आणि त्यांत मुलं १ लाख ८५ हजार. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत हे नमुने पुढे ठेवले गेले: एका जागी मोठी शाळा, विषयवार शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा आणि मुलांना आणायला वाहन.

या कल्पनेत अर्थ नाही असं नाही. चार वर्ग एका खोलीत घेऊन बसलेल्या शिक्षकाची दमछाक ज्याने पाहिली आहे, तो मोठ्या शाळेला नाही म्हणणार नाही. अठरा मुलांना सोबतीही कमी मिळतात. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. समग्र शिक्षेत वाहतुकीला मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत तरतूद आहे. अठरा मुलांचे एक लाख आठ हजार. वाचणाऱ्या पगारापुढे ते फार नाहीत. प्रश्न पैशाचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात नाला भरला की गाडी थांबते. कोरकू किंवा भिल्ल घरातली आई सहा वर्षांच्या पोरीला परगावच्या गाडीत बसवेल का? ती पोरगी शाळा सोडेल, तेव्हा तिच्यावरचा खर्च शून्य होईल. ताळेबंदात ती बचत दिसेल.

वाहन भरवशाचं असेल तर काय होतं, हेही बुलढाण्याने पाहिलं आहे. मानव विकास कार्यक्रम २०११ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत राबवला गेला. आपल्या जिल्ह्यातले काही तालुके त्यात आहेत. "मानव विकास" असं लिहिलेल्या निळ्या एसट्या आठवी ते बारावीच्या मुलींना घरून शाळेत आणि परत नेतात, आणि जवळच्या मुलींना सायकली मिळतात. या बसमधली पोरगी चौदा वर्षांची असते, गाडी रोज त्याच वेळी येते आणि घरच्यांना चालक-वाहक ओळखीचे होतात. म्हणून बस चालते. हाच नियम सहा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. म्हणून पटाचा एकच आकडा मुंबईत बसून ठरवू नये. देऊळगाव राजाला डांबरी रस्त्यावरच्या दोन गावांची शाळा एक होऊ शकेल. सातपुड्यातली वाडी वेगळी.

मार्चचा पाऊस

पैसा किती, याइतकाच तो कधी येतो हा प्रश्न मोठा आहे. शाळेची गरज जूनमध्ये असते आणि पैसा बऱ्याचदा जानेवारीनंतर उतरतो. मग मार्च एंडची धावपळ: बिलं जोडा, ठराव लिहा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, नाहीतर निधी परत. पेरणी झाल्यावर आलेल्या पावसाचं कौतुक कोण करणार? अशा घाईत घेतलेली वस्तू गरजेची असेलच असं नाही; बिल मिळणारी मात्र असते.

यावर उपाय म्हणून २०२१ पासून नवी पद्धत आली. पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. राज्याचं एकच मध्यवर्ती खातं, शाळेचं खातं शून्य शिलकीचं, आणि शाळेला तेवढी खर्चाची मर्यादा दाखवली जाते. यात सरकारचा पैसा अडकून पडत नाही आणि गैरव्यवहाराला जागा कमी उरते. दुसरी बाजू अशी की, दीडशे रुपयांची तोटी बसवायलाही ऑनलाइन प्रक्रिया पार पाडावी लागते. गुरुजी आधी स्वतःच्या खिशातून देतात आणि मग वाट पाहतात.

पोषण आहाराची गोष्ट या सगळ्यात उजवी ठरते. १९९५ मध्ये योजना आली ती कोरडा तांदूळ वाटण्याची: महिन्याला तीन किलो, घरी न्यायचा. सोपं आणि स्वस्त. पण तो तांदूळ घरच्या सगळ्यांच्या पातेल्यात जायचा. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. चूल, सरपण, भांडी, स्वयंपाकीण असं सगळं वाढलं आणि खर्चही वाढला. पण आता ते अन्न मुलाच्याच पोटात जाऊ लागलं आणि ते खायला मूल शाळेत यावं लागलं. महाग पद्धतच अधिक कार्यक्षम ठरली. या योजनेतली खोट वेगळी आहे. शाळेत हे अन्न शिजवणाऱ्या बाईचं मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना हजार रुपये ठरवलं आणि पुढची पंधरा वर्षं ते हललं नाही; वाढ दिली ती राज्याने, आपल्या खिशातून.

मोजायचं काय?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी तो आकडा मान्य केला आणि आपण तो एकदाही गाठला नाही. तेव्हा पैसा पुरेसा आहे, फक्त नीट वापरा, असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. पण नुसता पैसा ओता म्हणणाऱ्यांनाही एक आकडा दाखवला पाहिजे. २०२४ च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी होती २३.४ टक्के. दोन वर्षांपूर्वी ती १६.३ टक्के होती. चढ मोठा आहे, आणि अजून चारातली तीन मुलं मागेच आहेत.

याच जिल्ह्याने पाण्याच्या बाबतीत देशाला एक धडा दिला. राष्ट्रीय महामार्गाला मुरूम हवा होता आणि गावच्या तलावांतला गाळ काढायचा होता. महामार्गासाठी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून उचलला गेला. रस्ता झाला आणि पाणीही साठलं. बुलढाणा पॅटर्न म्हणून तो पुढे नावाजला. शाळेसाठी असा विचार क्वचित होतो. रोजगार हमीतून भिंत, वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने नळ, मानव विकासची गाडी, समग्र शिक्षेचं अनुदान: पैसे चार वाटांनी त्याच गावात येतात आणि एकमेकांना ओळखही देत नाहीत. त्यांना एका कागदावर आणायची जागा कायद्याने दिलेली आहे. तिचं नाव शाळा विकास आराखडा, आणि तो करायचा असतो शाळा व्यवस्थापन समितीने. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला.

म्हणून माझा निवाडा सरळ आहे. केंद्राने हमी आणि समान पातळी राखावी, आणि तीन वर्षं आधी सांगता येईल असा पैसा द्यावा. राज्याने शिक्षक द्यावा आणि तो शिकवण्याव्यतिरिक्त कशाला जुंपू नये. काय विकत घ्यायचं, ते गावाने ठरवावं आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर लिहावा.

वाचकांना एकच विनंती. येत्या १५ ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदनाला जाल, तेव्हा जिलेबी घेऊन लगेच परत फिरू नका. समितीच्या अध्यक्षांना दोन गोष्टी विचारा: यंदाचं अनुदान कोणत्या तारखेला आलं? त्यातून काय घ्यायचं ते कुणी ठरवलं? आणि मग तिसरीच्या एखाद्या लेकराला दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायला सांगा.